विश्लेषण : भारतातील भांग आणि युरोपातील हेंप वेगळे, असे १५६३ मध्ये लिहिणारा गार्सिया द ओर्ता कोण होता?

धाराशिव जिल्ह्यात बालाघाट म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. तुळजापूरचा घाट चढणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या पायाखालून तो जातो. पण याच शब्दाची फोड साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकातही सापडते. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा आणि त्यापुढे आपला घाट, असे लेखकाने समजावून सांगितले आहे. तेव्हा बालाघाट ही एखादी डोंगररांग नव्हती. सह्याद्री चढून गेल्यावर लागणारा सगळा वरचा मुलूख, म्हणजे आजचा दख्खन, त्या नावाने ओळखला जाई.

हा लेखक म्हणजे गार्सिया द ओर्ता. पेशाने वैद्य, कुतूहलाने वनस्पती अभ्यासक आणि जन्माने असा माणूस, ज्याला आपले मूळ आयुष्यभर झाकून ठेवावे लागले. त्याच्या पुस्तकात आंबा, हिंग, कापूर, मिरी, अफू यांच्याबरोबरच भांगेवरही एक प्रकरण आहे. ही वनस्पती आपल्याकडच्या दोरखंडाच्या झाडासारखी दिसत असली तरी ती नव्हे, असे त्याने त्यात ठामपणे मांडले. एकाच वनस्पतीची दोन रूपे भूगोलामुळे कशी वेगळी होतात, या आजच्या जनुकशास्त्राच्या प्रश्नाची ही एक जुनी नोंद आहे.

ओर्ता गोव्यात का आला?

ओर्ताचा जन्म १५०० च्या आसपास पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हिद या सरहद्दीवरच्या गावात झाला. आईवडील स्पेनचे ज्यू होते. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा ते सरहद्द ओलांडून आले आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने सक्ती केल्यावर ख्रिस्ती झाले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. कागदोपत्री धर्म बदलला तरी संशय पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहत असे.

सालामांका आणि अल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत ओर्ता वैद्यक शिकला, काही वर्षे गावी वैद्यकी केली आणि नंतर लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय आणण्याच्या हालचाली तोवर सुरू झाल्या होत्या. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोंसू द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय सुरू झाले. तो परत कधीच गेला नाही. पुढे त्याची आई आणि बहिणीही गोव्यात आल्या.

सुरुवातीची काही वर्षे सोझाबरोबर दीवपासून मलबारपर्यंत मोहिमांत गेली. नंतर ओर्ता गोव्यात स्थिरावला. दवाखाना, औषधी द्रव्यांचा व्यापार आणि बाग असा त्याचा संसार होता. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळाले. पुढे जिथे इंग्रजांचा किल्ला उभा राहिला, त्या जागेवर त्याचे घर आणि बाग होती. तिथल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने कौतुकाने केली आहे. मुंबईचा भाडेकरू म्हणून आज त्याची आठवण निघते ती बहुतेक याच कारणाने.

निजामशहाच्या दरबारात काय घडले?

दख्खनचे तेव्हा तुकडे पडले होते. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा विचार केला तर परंड्याच्या बाजूला निजामशाहीचे वजन होते आणि नळदुर्गाकडे आदिलशाहीचे. ओर्ताचा संबंध आला तो निजामशाहीशी. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण आणि पुढे मित्र झाला. ओर्ता अनेकदा घाट चढून नगरला जाई. सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन नावे. दरबारात हकीम होते, शेजारी वैद्य होते आणि ओर्ता दोघांनाही प्रश्न विचारत असे.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की तेव्हाचे युरोपीय वैद्यक ग्रीक ग्रंथांवर चालत असे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या दिओस्कोरिदेसने लिहिले ते प्रमाण मानले जाई. ओर्ताने मात्र झाड जिथे उगवते तिथल्या माणसाचे ऐकायचे ठरवले. पटकीच्या लक्षणांचे त्याने केलेले वर्णन युरोपीयांनी आशियातील या रोगाबद्दल लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या वर्णनांपैकी मानले जाते. त्या रोगासाठी त्याने दिलेले स्थानिक नाव आपल्या ‘मोडशी’चेच पोर्तुगीज रूप आहे.

भांगेबद्दल त्याने काय लिहिले?

त्याचे पुस्तक १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झाले. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती आणि छपाईच्या चुका पानोपानी होत्या. पुस्तक संवादरूपात आहे. एकीकडे स्वतः ओर्ता आणि दुसरीकडे रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा वैद्य. रुआनो पुस्तकी शंका काढतो, ओर्ता डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. अधिकृत मताविरुद्ध बोलायचे तर दोन पात्रे सोयीची पडतात. इतके दिवस सावधपणे जगलेल्या माणसाला हे चांगलेच ठाऊक असणार.

भांगेच्या प्रकरणात रुआनो म्हणतो की हे तर आपल्याकडच्या हेंपसारखे दिसते. ओर्ता ते नाकारतो. इथले बी लहान आहे आणि तिकडच्या इतके पांढरे नाही, हे त्याचे कारण. शिवाय इथले लोक पाने कुटून खातात आणि गुंगीसाठी घेतात. भांग घेतल्यावर कोणी हसत सुटतो, कोणी दुःख विसरतो, असे तो लिहितो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाचा किस्साही त्याने नोंदवला आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानला जाऊन यावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो, असे बहादूरशहाने सोझाला सांगितले होते. स्वतः आपण मात्र ती चाखलेली नाही, हेही ओर्ता सांगून टाकतो.

हसण्याच्या आणि बहादूरशहाच्या गोष्टी पुढे पुष्कळांनी उचलल्या. बियांच्या आकाराकडे कमी लोकांनी पाहिले. खरी नोंद तीच होती.

मग दोन्ही झाडे वेगळ्या जातींची आहेत का?

वनस्पतीशास्त्रज्ञांत यावर दोनशे वर्षे वाद झाला. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातील हेंप समोर ठेवून ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेले नमुने पाहिले. खोड कठीण, साल पातळ, त्यामुळे धागा काढायला निरुपयोगी, असे दिसल्यावर त्याने ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जात केली. रशियाच्या निकोलाय वाविलोव्हने १९२०च्या दशकात व्होल्गाकाठची आणि अफगाणिस्तानातील रानटी झाडे तपासून आणखी प्रकार नोंदवले. १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी सगळे पुन्हा एका जातीत आणले आणि तिच्या दोन उपजाती मानल्या. या सगळ्या रूपांचा एकमेकांशी संकर होतो आणि संततीही सुपीक असते, म्हणून जात एकच, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे.

म्हणजे ओर्ताचा निष्कर्ष काटेकोरपणे बघितला तर चुकला; निरीक्षण मात्र बरोबर होते. धागा किंवा तेलबी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या हेंपचे बी मोठे आणि फिकट होते. रानात वाढणाऱ्या झाडांचे बी बारीक, गडद आणि ठिपकेदार राहते, कारण मातीत लपून पाखरांपासून वाचायचे असते. नशेसाठी वाढवलेल्या झाडात बियांच्या आकाराकडे कोणी लक्षच दिले नाही, म्हणून ते लहानच राहिले.

फरक पडला कसा?

इथे भूगोल येतो. समजा, एका मोठ्या प्रदेशात लाखो झाडे आहेत आणि त्यांत जनुकांची शेकडो रूपे फिरत आहेत. त्यातले पसाभर बी घेऊन कोणी व्यापारी डोंगरापलीकडे गेला. त्या पसाभर बियांत मूळ विविधतेचा थोडाच भाग असतो. नव्या ठिकाणची सगळी झाडे त्या थोड्यातूनच वाढतात. शास्त्रज्ञ याला संस्थापक परिणाम म्हणतात. पुढे दोन्हीकडचे पराग एकमेकांना भेटत नसतील, तर प्रत्येक पिढीत काही रूपे निव्वळ योगायोगाने नाहीशी होतात, काही वाढतात. त्यावर हवामानाची आणि माणसाची निवड. दोन-तीन हजार वर्षांत दोन्ही गट ओळखू न येण्याइतके लांब जातात.

२०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात जगभरातील ११० झाडांचे जनुकसंच तपासले गेले. भांगेचे झाड पूर्व आशियात सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी माणसाळले आणि धाग्याचे व नशेचे प्रकार साधारण ४ हजार वर्षांपूर्वी वेगळे होऊ लागले, असे त्यातून दिसले. एका एन्झाइमचे जनुक शाबूत राहिले तर झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य तयार होते. त्याच्या भावंडासारखे दुसरे जनुक शाबूत राहिले तर सीबीडी तयार होते. धाग्याच्या वाणांत दुसरे टिकले, नशेच्या वाणांत पहिले.

दिवसाची लांबी हीदेखील एक भिंतच आहे. भांगेला फुले येतात ती रात्र पुरेशी मोठी झाली की. लिस्बन सुमारे ३९ अंश उत्तरेला आहे. तिथे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस जवळपास १५ तासांचा असतो. धाराशिव १८ अंशांवर आहे; इथे तो १३ तासांहून थोडाच मोठा. आपल्याकडच्या हिशोबाने वाढलेले झाड उत्तरेला नेले तर फुलायलाच उशीर होतो आणि बी पिकण्याआधी थंडी पडते. एकाच शेतात लावली तरी दोन्ही झाडे वेगवेगळ्या वेळी फुलतात, म्हणजे पराग असूनही भेट नाही.

माणसाची गरज हे आणखी एक कारण, आणि ते आपल्याकडे जास्त स्पष्ट दिसते. युरोपला जहाजांच्या शिडांसाठी आणि दोरांसाठी हेंप हवे होते. दख्खनमध्ये दोर, चऱ्हाट, सोल यांसाठी अंबाडी होती, ताग होता. भांगेच्या सालीवर वेळ घालवण्याची इथे कोणाला गरजच पडली नाही. इंग्रजांनी पुढे अंबाडीला ‘डेक्कन हेंप’ असे नावच देऊन टाकले. तिच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ आहे, पण भांगेशी तिचे काही नाते नाही. मराठवाड्यात जिची भाजी भाकरीबरोबर खातात तीच ही अंबाडी.

वारा तर घाट ओलांडतो, मग वेगळेपण टिकते कसे?

प्रश्न रास्त आहे. भांगेत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होते. पराग अतिशय हलके. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मालागा शहराच्या हवेत मोरोक्कोतून समुद्र ओलांडून आलेले भांगेचे पराग संशोधकांनी मोजले आहेत. त्यामुळे एखादी टेकडी किंवा बालाघाटासारखी मध्यम उंचीची रांग या झाडाला अडवू शकत नाही. हिमालयासारखी भिंत, शेकडो मैलांचे अंतर किंवा फुलण्याची वेगळी वेळ, यांपैकी काहीतरी लागते. किंवा माणूस लागतो. गांजाची लागवड करणारे नर झाडे फुलण्याआधीच उपटत, म्हणजे मादीच्या फुलोऱ्यात बी धरत नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने या पद्धतीची सविस्तर नोंद केली. मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जाई, आणि त्याची हद्द आजच्या धाराशिवला लागून आहे.

बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशोब तोंडपाठ असतो. सोयाबीन स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला ३ मीटर विलगीकरण अंतर पुरते. संकरित ज्वारीला २०० मीटर लागते. काही देशांत औद्योगिक हेंपच्या पायाभूत बियाण्यासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात. झाड जितके उघड्या वाऱ्यावर विसंबलेले, तितके त्याला वेगळे ठेवणे अवघड.

धाराशिवमध्ये याचे उदाहरण पाहायचे तर?

भांगेचे पाहता येणार नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याने (१९८५) परवानगीशिवाय या झाडाची लागवड हा गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पाने आणि बिया ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची दुकाने दिसतात, पण त्याचा अर्थ बांधावर झाड लावता येते असा नव्हे. उत्तराखंडने कमी टीएचसीच्या हेंपला परवान्याखाली वाट दिली आहे, महाराष्ट्रात शेतकऱ्याने तसे गृहीत धरू नये.

उदाहरण आहे ते दावणीला. उस्मानाबादी शेळी, बहुतेक काळी, काटक, कमी चाऱ्यावर तगणारी आणि अनेकदा जुळी देणारी. जिल्ह्याचे नाव बदलले तरी तिचे नाव तेच राहिले आहे. ती धाराशिवपुरती नाही. लातूर, सोलापूर, अहिल्यानगरकडेही आहे, कारण मधे अडवणारे काही नाही आणि आठवडी बाजारात बोकड या तालुक्यातून त्या तालुक्यात जातोच. पण सह्याद्री उतरून सिंधुदुर्गात गेले की शेळी बदलते. तिथे कोकण कन्याळ आहे, धो-धो पावसात टिकणारी. त्या दोघींच्या मधे तोच घाट आहे, जो चढून ओर्ता नगरला जात असे. शेळीला वारा उपयोगी पडत नाही, म्हणून तिच्यासाठी सह्याद्री ही खरीखुरी भिंत ठरली.

बाहेरच्या वाणाचा बोकड सरसकट वापरला तर हे वेगळेपण दहा-पंधरा वर्षांतही विरू शकते. भांगेच्या बाबतीत जगात तेच चालले आहे. २०२१ च्या अभ्यासकांना अस्सल रानटी म्हणावे असे पूर्वज बहुधा उरलेच नाहीत, असे वाटले. त्यांना मिळालेली रानातील झाडे शेतातून निसटून पुन्हा रानवट झालेली होती.

पुस्तकाचे आणि ओर्ताचे पुढे काय झाले?

ज्या धर्मन्यायालयापासून तो दूर आला होता, ते १५६० मध्ये गोव्यात पोहोचले. पुस्तक छापले गेले तेव्हा त्याच शहरात चौकशा सुरू होत्या. त्यांत माणसाचे आजोबा कोण, घरात शनिवार पाळतात का, स्वयंपाकात काय शिजते, हे विचारले जाई. ओर्ताचे ओळखीचे मोठ्या पदांवर होते, गव्हर्नर त्याचे रुग्ण होते. त्याच्यापर्यंत कोणी आले नाही. १५६८ मध्ये तो गोव्यात वारला.

मग घरच्यांची पाळी आली. बहीण कातारिना हिला पकडण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत भाऊही गुप्तपणे ज्यू धर्म मानत होता, अशी जबानी नोंदवली गेली. डिसेंबर १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली.

पुस्तक तोवर बरेच लांब पोहोचले होते. १५६७ मध्ये, म्हणजे ओर्ता हयात असतानाच, क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये काढला. युरोपातील वैद्यांनी वाचला तो हाच. संवाद त्याने गाळले, त्यामुळे रुआनो गेला. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोस्ताने ओर्ताच्या मजकुरावर मोठ्या प्रमाणात आधारलेले स्पॅनिश पुस्तक छापले. ओर्ताच्या पुस्तकात नव्हती ती चित्रे त्यात होती.

पणजीत चर्च चौकातल्या महापालिकेच्या उद्यानाला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे.